सासूबाईंच्या खोलीमागच्या पायऱ्या

अमरावती,
१० फेब्रुवारी १९६३

ती. दादास,
मनकर्णाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल आहे, एक सासूबाईंचं मनगट सोडून. आमची मागची बाग अंगणापेक्षा कमरेइतकी उंच आहे, हे तुम्ही पाहिलंच आहे. तिथे चढायला मातीचा उतार आहे, त्यावरून परवा त्या घसरल्या. हाड मोडलं नाही, पण कोणी हात धरल्याशिवाय आईनं वर जायचं नाही, असा ह्यांचा हुकूम सुटला आहे. मी सकाळीच शाळेत जाते, माझ्यामागून हे त्यांच्या शाळेत. म्हणजे वांग्यांना पाणी घालायला सासूबाईंनी संध्याकाळपर्यंत आमची वाट पाहायची. कालपासून त्या कोणाशी बोलत नाहीत.

म्हणून ह्यांनी पक्क्या पायऱ्या बांधायचं ठरवलं आहे. हायस्कुलात भूमिती शिकवणारा माणूस, त्यामुळे आधी कंपास निघाला. पायऱ्या सासूबाईंच्या खोलीच्या भिंतीला लागूनच चढवणार. एका बाजूचं बांधकाम वाचतं आणि आईला भिंतीचा आधार मिळतो. मी म्हटलं, दादाला विचारू का? तर म्हणाले, तुह्या भावाले विचारलं तर तो पायऱ्या नाही, धरण बांधीन. बांधकाम खात्यातल्या ओव्हरसिअरची बहीण म्हणून मी तेव्हा गप्प बसले आणि आता गुपचूप विचारते आहे. ह्यात काही वावगं आहे का?

कौशल्यावहिनींना जयभीम. आहे ती माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
मनकर्णा


अकोला,
१७ फेब्रुवारी १९६३

चि. सौ. मनकर्णास,
जयभीम व अनेक आशीर्वाद.

मनगटाचं वाचून काळजी वाटली, धरणाचं वाचून हसू आलं. तुझ्या सासूबाईंच्या, जाईबाई मावशींच्या मनगटाला हळदीचा लेप लावत जा.

धरण नको, फक्त वीतभर फट हवी. पायऱ्यांच्या पोटात माती भरतात आणि ती पावसाळाभर ओली राहते. जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून जोत्यावर एक थर दिलेला असतो. पण पायऱ्यांची माती त्या थराच्याही वर भिंतीला टेकली, तर तो थर करील काय? भिंत बाहेरून ओल पिते आणि आत खोलीत ओकते. म्हणून पायऱ्यांना घराच्या बाजूनेही स्वतःची बुटकी भिंत द्या. तिच्यात आणि घराच्या भिंतीत वीतभर मोकळी जागा, तळाला फरशी, ती मोरीकडे उतरती. आणि प्रत्येक पायरीचा ढाळ किंचित अंगणाकडे.

जावईबापू पोरांना समांतर रेषा शिकवतातच. त्या एकमेकींना कधी भेटत नाहीत, म्हणून त्यांच्यात भांडण होत नाही. घर आणि पायऱ्या तशाच नांदू द्या. हे सगळं माझं नाव न घेता सांग.

तुझी वहिनी आठवण काढते. घरच्यांना सांभाळून असावे.

शेषराव


अमरावती,
२६ मे १९६३

ती. दादास,
मनकर्णाचा जयभीम. वि. वि.

पायऱ्या झाल्या. फट झाली नाही.

तुमचं नाव न घेता सांगितलं होतं, पण समांतर रेषांपाशी तुम्ही ओळखू आलात. हे म्हणाले, फटीत विंचू राहतील. ते मी खोडून काढलं. मग म्हणाले, आई भिंत धरायला कलली आणि तिचा पाय फटीत गेला तर? हे मलाही पटलं. मग अंगणातलीच काळी माती आत भरली, वर फरशा बसवल्या आणि भिंतीला अगदी चिकटून सिमेंट ओढलं.

सासूबाई मात्र खूश आहेत. पहिल्या दिवशी काम नसताना वर-खाली करत होत्या. शेजारच्या गंगूबाईंना मुद्दाम बोलावून त्यांनी चढून दाखवलं. आता मी उठण्याआधीच त्या बागेत असतात. सोबत पाठवलेली वांगी त्यांच्याच हातची आहेत. ती खाताना पायऱ्यांना नावं ठेवू नयेत.

रागावलात तरी पत्र धाडावे.

मनकर्णा


अकोला,
४ जून १९६३

चि. सौ. मनकर्णास,
अनेक आशीर्वाद.

वांगी गोड होती. काळी माती भरली म्हणतेस. ती पाणी धरून ठेवते. कपाशीला चांगलं, भिंतीला नाही. मी काही बोलत नाही. पावसाला भूमिती येत नाही, एवढंच कळवतो.

शेषराव


अमरावती,
८ सप्टेंबर १९६३

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

सासूबाईंना जुलैपासून खोकला आहे. औषधाने बसतो, पुन्हा उठतो. काल त्यांची खोली झाडायला गेले, तर त्यांची लोखंडी पेटी मागच्या भिंतीशी दिसली. तिच्यावर गोधड्या छातीपर्यंत रचलेल्या. ओढून पाहिल्या तर भिंतीकडच्या गोधड्यांना बुरशी लागलेली, मागे भिंत काळी पडलेली, गिलाव्याचे पोपडे सुटलेले. हात लावला तर ओला झाला. एवढी जड पेटी त्यांनी एकटीनं कशी सरकवली, कोण जाणे.

मी विचारलं, सांगितलं का नाही? त्या गोधड्या पुन्हा रचायला लागल्या. मग म्हणाल्या, "सांगतलं असतं तर तुमी पायऱ्या तोडल्या असत्या. मंग मले पुन्हा कोनाच्या हाताची वाट पाहा लागली असती. त्यापरीस खोकला परवडला, बाई."

हे दारातच उभे होते. त्यांनी लगेच आईचं अंथरूण पुढच्या खोलीत नेलं. रात्री पानावरून तसेच उठले. आज सकाळी माझ्या टेबलावर एक इनलँड पत्र होतं, त्यावर त्यांच्या अक्षरात तुमचा पत्ता. आत कोरं. तेवढंच त्यांना जमलं, बाकीचं मी लिहिते आहे.

बोलायचं ते मला बोला, पण लवकर लिहा.

मनकर्णा


अकोला,
१३ सप्टेंबर १९६३

श्री. जावईबापू जानरावांस,
शेषरावाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. पत्त्याचं अक्षर वळणदार आहे.

मी हसलो नाही. फटीचं माझं म्हणणं बरोबर होतं, पण आधाराचं तुमचं बरोबर होतं. मी भिंतीचा विचार केला, चढणाऱ्या बाईचा केला नाही. दोन्ही मिळूनच काम पुरं होतं.

आतून सिमेंट थापून ओल दाबू नका, ती आणखी वर चढेल. सुटलेला गिलावा खरवडा आणि खिडक्या उघड्या ठेवा. पाऊस सरला की दिवाळीच्या सुट्टीत मी येतो. पायऱ्या रुंद आहेत. घराकडचा हातभर पट्टा कापू, तिथली माती उपसू, बुटकी भिंत घालू आणि वीतभर फट सोडू. फटीवर लोखंडी जाळी, म्हणजे पाय जाणार नाही. अंगणाच्या बाजूने कठडा. मावशींना माझा निरोप सांगा की पायऱ्या तुटणार नाहीत. काम चालू असतानाही बाहेरच्या अंगाने चढता येईल.

विंचवांचं काय ते समोरासमोर बोलू. परका समजू नये.

शेषराव


अमरावती,
१९ जानेवारी १९६४

शेषरावाले,
जाईबाईचा जयभीम.

मी बोलून राहिली, मनकर्णा लिहून राहिली. तिनं मधात आपलं काही घुसवलं तर ते माहं नाही.

तुमचं दोघांयचं काम पक्कं झालं. भांडत मात्र लय होते. कठड्याच्या उंचीसाठी तुमी मले शिंप्यावानी मापलं, आन् तरी दोघांयचं माप येगळं निघालं. शेवटी मीच हात ठेवून दाखवला का बाबा, इथं ठोका. म्हणून तो बरोबर बसला.

भिंत सुकली. संक्रांतीच्या आधी जानरावानं चुना मारला. मी माह्या खोलीत परत झोपून राहिली. खोकला गेला. जानराव शाळेतून आला का पहिले भिंतीले हात लावते, मंग मले विचारते का तब्येत कशी हाय. फटीत विंचू अजून निघाला नाही, पन तो काडी घालून पाह्यनं काही सोडत नाही.

आता खरी गोष्ट. कौशल्यानं मनकर्णाले लिहिलं का तुमच्या न्हाणीमागच्या भिंतीले दोन सालापासून ओल हाय, आन् तुमी रोज म्हणता, पाहू. आमाले येवढं शिकवलं आन् सोताच्या घरी काहून नाही? मंगळवारच्या दुपारच्या यस्टीनं मी अकोल्याले येऊन राहिली. जानराव म्हणे, रजा काढतो, सोबत येतो. मी म्हटलं, तू वांग्यायले पाणी घाल. तुमची न्हाणी नीट झाल्याबगर मी काही परतत नाही.

माया ओली राहू द्या, भिंत सुकी ठेवा.

जाईबाई

ता. क. दादा, स्टँडवर नक्की जा. पण जरा लांब उभे राहा. बसमधून त्या आपल्या आपण उतरतील.
— मनकर्णा