वांगी रंगाचा यो-यो

आई, आज सकाळी काचेचं कपाट आवरताना तुझा यो-यो खाली काढला होता. तो पुसता पुसता तुझी सून, जिला तू पाहिलंच नाहीस, सहज म्हणाली, "हा अंगठ्याचा ठसा आईंचाच कशावरून? तुमचाही असेल." टोचून बोलली नाही ती. फडकं झटकून पुढच्या फळीकडे वळलीसुद्धा. मी मात्र तेव्हापासून टेबलाशी बसून आहे. इतकी वर्षं आल्यागेल्याला हा यो-यो हातात देऊन मी सांगत आलो की ही पाहा, आमच्या आईची खूण. आणि हा साधा प्रश्न मला एकदाही पडू नये? मुलांना प्रयोगशाळेत मी रोज सांगतो, पाहिल्याशिवाय लिहू नका.

तुला ते माझं वेड आठवत असेल. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकताच लागलो होतो. मित्राच्या लेथवर ॲल्युमिनियमच्या चकत्या कातून आणायच्या, दोन चकत्यांमध्ये आस बसवून दोरी गुंडाळली की यो-यो तयार. पण माझा जीव होता तो रंगात. महाल वस्तीतल्या आपल्या त्या दोन खोल्या, मोरीच्या कडेला तुझी लोणच्याची जुनी बरणी, तिच्यात पाणी घालून सौम्य केलेलं बॅटरीचं ॲसिड, आणि लॉरीच्या टाकून दिलेल्या बॅटरीच्या दोन तारा. एका तारेला शिशाचा पत्रा, दुसरीला चकती. तासभर तसं ठेवलं की धातूवर डोळ्यांना न दिसणारा सच्छिद्र थर चढतो. मग साडीच्या रंगाची पुडी गरम पाण्यात विरघळवून त्यात चकती सोडायची. ती रंग पिते. शेवटी साध्या पाण्यात उकळली की छिद्रं मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. गल्लीतली पोरं फर्माइशी घेऊन यायची, कोणाला पोपटी हवा, कोणाला शेंदरी. नियम एकच होता. रंगात जाईपर्यंत चकतीला बोट लावायचं नाही. बोटाचं तेल जिथे लागेल तिथे रंग धरत नाही.

एकदा घाईत मी हिरवा रंग तुझ्या वरणाच्या पातेल्यात उकळला. तू तो गंज उचलून उजेडात धरलास.

"काहून गा, इतका शिकला अन् वरणाचा गंज अन् रंगाचा गंज तुले वेगळा समजत नाही?"

"घासून देतो ना."

"घासून काय होते? उद्या हिरवं वरण खाजो, अन् कॉलेजात सांगजो, आईनं रांधलं म्हणून."

 दुसऱ्या दिवशी मी मोरीपाशी तारा जोडत असताना दारात येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मले एक बनवून दे."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हंजे? माझ्यासाठी. माझे का हात तुटले? अन् वांगी रंगाचा पाह्यजे. भरताच्या वांग्याचा नाही, काटेरी वांग्याचा. चमकते तसा."

जांभळी आणि निळी पुडी मिसळून मी कितीतरी तुकड्यांवर तो रंग जमवत होतो. तू प्रत्येक तुकडा खिडकीशी नेऊन पाहायचीस आणि मान हलवायचीस. अखेर एक पसंत पडला. आणि मग तो रविवार. तू पाटोड्या करते आहेस, ताटाला तेल लावून त्यावर बेसन थापते आहेस, हात कोपरापर्यंत चमकताहेत. ॲसिडातून निघालेली चकती धुऊन मी पांढऱ्या बशीत ठेवली आहे. रंगाचं पाणी स्टोव्हवर तापतं आहे. खालून शेजारी हाक मारतात, मी जिना उतरतो, दोन शब्द बोलून परत येतो. तू ताटाशीच आहेस, पण बशी मला जराशी सरकल्यासारखी वाटते.

"हात लावला का गं?"

"मी कायले लावू? तुझं तू पाह्य."

चकती रंगातून बाहेर आली तेव्हा कडेला एक फिकट अंगठा उमटला होता, रेघारेघांसकट. मी म्हटलं, कॉस्टिक सोड्यात टाकून सगळा थर उतरवतो, परत करतो. तू माझ्या हातातून ती ओढून घेतलीस. "राहू दे. वांगंही देठापाशी असंच फिकं राह्यते." मग मी ती उकळून यो-यो जोडून दिल्यावर पदर खोचून उंबऱ्यावर उभी राहिलीस आणि दोरी बोटात अडकवून सोडलीस. बराच वेळ तो नुसता खाली लोंबत राहिला. एकदा मात्र सरळ वर येऊन तुझ्या तळव्यात बसला. "आला गा, आला," म्हणालीस, आणि कोणी पाहिलं तर नाही म्हणून जिन्याकडे नजर टाकलीस.

पुढच्या हिवाळ्यात तू गेलीस. तुझा एकच फोटो आहे, एका लग्नातला. त्यात तू मागच्या रांगेत, मान हलल्यामुळे पुसट. म्हणून हा अंगठा. तू हात लावला नाही म्हणालीस, ते मी कधीच खरं मानलं नाही. तेलकट हाताने चोरून चकती उचलणारी तू मला फार आवडायचीस, आणि तीच मी लोकांना हसत हसत सांगितली. आज मात्र आणखी एक गोष्ट आठवते आहे. जिना उतरण्याआधी तू चवीला म्हणून एक गरम वडी माझ्या हातावर ठेवली होतीस. ती खाऊन मी हात धुतले का? तारेच्या आकड्यानेच चकती उचलायची माझी सवय होती, पण त्या दिवशी बशीतून रंगात सोडताना आकडा वापरला का? आठवत नाही. म्हणजे ठसा तुझा असेल तर तू माझ्याशी खोटं बोललीस, आणि ते खोटं मला हवं आहे. माझा असेल तर तू खरं बोललीस, आणि माझ्यापाशी तुझं काही उरत नाही.

ठरवणं अवघड नाही. प्रयोगशाळेतलं मोठं भिंग मी काल दुसऱ्याच कामासाठी घरी आणलं होतं. दुपारी स्टॅम्पच्या शाईत माझा अंगठा बुडवून याच कागदाच्या कोपऱ्यात उमटवलाही. चांगला आला आहे, रेघ न् रेघ दिसते. यो-यो शेजारीच आहे. त्यानंतर मी दोरी बदलली, पत्र इथवर लिहिलं, चहा झाला.

हे पत्र यो-योच्या डबीतच ठेवीन, ठसा आतल्या बाजूला येईल अशी घडी घालून. भिंग उद्या परत द्यायचं आहे. मी अजून पाहिलेलं नाही, आई, आणि आता अंधारून आलं तरी दिवाही लावलेला नाही.