डावा हात खिशात

५ एप्रिल

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. नोकरीसाठी तू गेल्यापासून तुझा कीबोर्ड चादरीखाली गप्प पडून होता. परवा तुमच्या बँडमधला दातांचा डॉक्टर तो न्यायला आला. तुझ्या जागी नवा माणूस मिळालाय, पण त्याच्याकडे वाद्य नाही, म्हणाला. त्या स्टँडचा लंगडा पाय त्याला कळायचा नाही, म्हणून मीही सोबत गेले.

तुमची तालमीची खोली पाहिली. सुताराच्या कारखान्यामागे, भिंतींना जुन्या गाद्या टांगलेल्या आणि जिकडेतिकडे भुसा. नवा माणूस आलाच नाही. फोन केला तर त्याला दुसरा बँड सापडला होता. सगळे हिरमुसून बसले. तेव्हा तुमची गायिका, ती बँकेतली, म्हणाली की काकू, तुम्ही शाळेत संगीत शिकवत होता ना, आजच्यापुरतं तुम्हीच बसा.

बसले, आणि पुरती फजिती झाली. शाळेत मी पियानोवर थांबले की अख्खा वर्ग थांबायचा. इथे एका कॉर्डला अडखळले, सुधारायला म्हणून मागे गेले, तर मंडळी केव्हाच पुढे निघून गेली होती. सुटलेल्या बसमागे पिशवी सांभाळत धावावं तशी मी धावत होते. गाणं संपलं तेव्हा माझं एक कडवं बाकी होतं. ड्रमवर बसलेला सुतार मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, बाई, शनिवारी परत या.

वाचनालयाच्या नव्या इमारतीत त्यांचा कार्यक्रम आहे. या वयात मला हे जमेल का, ते तूच सांग. मायेत काही कमी नाही, पत्रात तू कमी करू नकोस.

तुझी आई

१४ एप्रिल

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचून प्रयोगशाळेत इतकी हसले की शेजारचीने दुधाची नळी उपडी केली. दिवसभर दुधाचे नमुने तपासणाऱ्या माणसांना तेवढीच करमणूक.

आता नीट ऐक. डावा हात खिशात घाल. थट्टा नाही. डॉक्टरची बेस गिटार खालचे सूर वाजवते, तिथेच तुझा डावा हात शिरला की नुसता चिखल होतो. गायिका गाते तेव्हा कमी वाजव, ती श्वास घेते ती तुझी जागा. आणि चुकलीस तर मागे वळायचं नाही. हात उचलायचे, ड्रम ऐकायचा, पुढची सम आली की आत शिरायचं.

जमेल तुला. माझी जागा भरायची त्यांना एवढी घाई झाली होती, हे वाचून मात्र जरा लागलं. असो. इथे खोली एवढीशी आहे की कीबोर्ड आणला तर मला बाहेर झोपावं लागेल. आठवण काढत राहा, आणि ती लिहून कळव.

तुझी खारू

११ मे

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. एक कुर्ता मुद्दाम डाव्या खिशाचा शिवून घेतला. डॉक्टर म्हणाला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझी गिटार ऐकू आली. हा टोमणा तुला होता, मी फक्त पोचता करतेय.

मी चुकते अजून, पण आता चालत्या गाण्यात परत चढता येतं. परवा सुताराने आणि मी एकदमच थांबून एकदमच सुरुवात केली, न ठरवता. घरी येईपर्यंत मी ते आठवून हसत होते. भाजीवालीने तब्येत विचारली.

तुझी रजा नेमकी कार्यक्रमाच्या आठवड्यात येते, तेव्हा वाजवणार तूच, असं मी तालमीत सांगून टाकलं. सुतार काठ्या पुसत बसला. माझी सुटकाच झाली म्हणायची. स्टेजवर पट्ट्या नीट दिसाव्यात म्हणून नवा चष्मा केला होता, तो वाचायला होईल. सांभाळून ये, वाट पाहणं माझ्याकडे लागलं.

तुझी आई

१७ मे

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. मी वाजवणार नाही. तुझं पत्र आलं तेव्हा आधी मला आनंद झाला, हे खरं सांगते. मग दुसऱ्यांदा वाचलं. जिला सुटका हवी असते ती बाई नवा चष्मा करत नाही. मी येईन, दुसऱ्या रांगेत बसेन आणि टाळ्या वाजवीन. सुताराला तसं मीच कळवलंय. रागावलीस तरी चालेल, पण खुर्ची धर.

तुझी खारू

२ जून

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. कार्यक्रमाच्या दुसऱ्याच सकाळी तुझी गाडी, त्यामुळे धड बोलणंच झालं नाही. दुसऱ्या गाण्यात गायिकेने एक कडवं गाळलं, ते तुला कळलं का? मी एकटी जुन्या वाटेवर राहिले. हात उचलले, ड्रम ऐकला, शिरले.

पण शेवटच्या संथ गाण्यात तिचा आवाजच बसला. तोंड उघडं आणि सूर नाही. शाळेत पोरं अशी कितीदा अडायची. तेव्हा करायचे तेच केलं. तोच सुरुवातीचा तुकडा हळूच फिरवत राहिले, तिच्याकडे बघत, काही बिघडलं नाही अशा चेहऱ्याने. सुताराने मान हलवली, डॉक्टरची गिटार माझ्यामागून आली. सगळे माझ्याबरोबर थांबले, खारू. मग तिने श्वास घेतला आणि गायली.

आता ते म्हणतात, कायमच्या या. तुझ्या मनात काय आहे ते आडपडदा न ठेवता लिही. तू म्हणशील ते मला पटेल. माया आहेच.

तुझी आई

९ जून

ती. आईस,

शि. सा. न. वि. वि. कडवं गाळलेलं मला कळलं, बाकी कुणालाही नाही. संथ गाण्याच्या वेळी मात्र माझी बोटं मांडीवर पुढचं कडवं वाजवायला लागली होती. तिथे मी असते तर घाबरून गाणं एकटीच पुढे रेटलं असतं. थांबायचं मला सुचलं नसतं.

इथल्या एका टोळक्याला कीबोर्डवाली हवी आहे. वाद्य त्यांचंच आहे. काल जाऊन आले, पुन्हा बोलावलंय.

तुमच्या कार्यक्रमात माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, कीबोर्डवर कोण आहे, ओळखीच्या का? मी म्हटलं, माझी आई, माझ्या जागी वाजवतेय. आणि बोलता बोलता लक्षात आलं की चुकीचं सांगतेय. मग त्यांना नीट सांगितलं, की जागा तिचीच आहे, आधी काही दिवस मी बसत होते.

लोभ माझाही आहे, शनिवारची तालीम सांभाळून तो परत कर.

तुझी खारू