पंचवीस डॉलरच्या आतली वांगी

मंगळवार, २ डिसेंबर २०२५. दुपारी

आजपासून रोजनिशी. डायरी प्रज्ञाच्या कंपनीची आहे, वर सोनेरी इंग्रजी नाव. वर्ष संपत आलं तरी कपाटात कोरी पडली होती. साक्षरता वर्गातल्या बाई म्हणायच्या, द्रौपदाबाई, रोज चार ओळी लिहीत जा, नाहीतर अक्षरं पळून जातील. वीस वर्षांनी का होईना, ऐकलं. चारच ओळी लिहायच्या, फाफटपसारा नाही, असं ठरवलं आहे.

आज मोठं काम अंगावर आलं. प्रज्ञा म्हणजे माझी नात, माझ्या मुलाची, राकेशची थोरली. आमच्या देवपुरातल्या घराच्या मागच्या खोलीत बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद तपासते. तिकडे माणूस आजारी पडला की आधी विमा कंपनीला विचारतात, खर्च देता का? प्रज्ञा कागद बघून हो किंवा नाही लिहिते. संध्याकाळी बसते ती पहाटे उठते. त्यात कंपनीने नीतीचे बारा धडे लावून दिलेत. दहा तारखेच्या आत केले नाहीत तर नोकरीवर गदा. पोरीचे डोळे बघवत नाहीत. म्हणाली, आजी, मी झोपते, तू नुसतं नेक्स्ट दाबत बस. हिंदी लावून दिलं.

मी म्हटलं, दुसऱ्याच्या धड्याला आपण बसायचं, आणि तेही नीतीच्या? ती म्हणाली, फॉर्मॅलिटी आहे गं.

फॉर्मॅलिटी असेल तर काही हरकत नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

तीन धडे झाले. नुसतं नेक्स्ट दाबणाऱ्यातली मी नाही. मन लावून बघितलं.

जॉन नावाचा गोरा माणूस आहे. स्वभावाने गरीब, पण संगत वाईट. औषधवाले त्याला समुद्रावर फिरायला नेतात आणि तो त्यांचंच औषध खपवतो. मारिया त्याच्या शेजारच्या टेबलावर बसते, तिला सगळं कळतं. मग प्रश्न येतो, मारियाने काय करावं? चार उत्तरं असतात. एक, गप्प बसावं. दोन, जॉनकडून वाटा घ्यावा. तीन, नोकरी सोडावी. चार, वरच्यांना सांगावं. प्रत्येक वेळी वरच्यांना सांगावं हेच बरोबर. मला दुसऱ्या धड्यातच कळलं. इंग्रजी शिकलेल्यांना यासाठी बारा धडे लागतात.

आपल्या इथल्या डॉक्टरच्या टेबलावर घड्याळ, पेन, कॅलेंडर, पाण्याच्या ग्लासावरचं झाकणसुद्धा गोळीवाल्यांचं असतं. आम्हाला वाटायचं, डॉक्टर किती मोठा, सगळे त्याला वस्तू देतात.

संकल्प: आजपासून कोणाकडून काही घ्यायचं नाही. कोणासाठी वशिला लावायचा नाही. खोटं बोलायचं नाही.

गुरुवार, ४ डिसेंबर. पौर्णिमा

विहारात वंदनेला गेले. बायकांना सांगितलं की अमेरिकेला जे बारा धड्यांत जमत नाही ते आपण पाच ओळींत म्हणून मोकळे होतो. सगळ्या बघत राहिल्या. मंदाबाईने विचारलं, पण अक्का, शिकतंय कोण, तुम्ही की प्रज्ञा? मी म्हटलं, प्रज्ञाच शिकतेय, मी जवळ बसते.

पुढे पंचशील सुरू झालं. ‘मुसावादा वेरमणी’ला, म्हणजे खोटं बोलणार नाही या ओळीला, मला नेमका ठसका लागला. उदबत्तीचा धूर फार होता.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आजचा धडा भेटवस्तूंचा. आणि आजच शेजारची कुंदाबाई आली! योग म्हणतात तो असा. तिचं माहेर सावद्याचं. भावाकडून केळीच्या दोन फण्या आणि भरताची हिरवी वांगी घेऊन आली, एकेक वांगं तान्ह्या पोराएवढं. म्हणाली, अक्का, आमनी रत्नाले प्रज्ञाना कंपनीमा चिकटाडी द्या, बठ्ठं तुमना हातमा शे. म्हणजे रत्नाला नोकरीला लावा, सगळं तुमच्या हातात आहे. रत्ना तिची भाची, दोंडाईच्याला असते, बी.कॉम. झाली आहे.

मी सरळ सांगितलं, कुंदा, मी आता नीतीत आहे, मला असं काही घेता येत नाही. तिला वाटलं, मी उपास धरलाय.

पण धडा शेवटपर्यंत बघितला ते बरं झालं. पंचवीस डॉलरच्या आतली वस्तू चालते! प्रज्ञाला झोपेतून उठवून विचारलं. ती म्हणाली बावीसशे रुपये, आणि परत झोपली. वांगी काही बावीसशेची नव्हती. कुंदा दारातच ठेवून गेली होती ती पिशवी आत आणली.

रत्नासाठी वशिला लावणार नाही. फक्त शब्द टाकेन. वशिला वेगळा, शब्द वेगळा.

रविवार, ७ डिसेंबर

बारावा धडा संपला. एका कॉलेजच्या मोठ्या साहेबाने देणगीवाल्याच्या मुलाला आत घेतलं आणि हुशार मुलगी बाहेर राहिली, असा होता. रडू आलं. हे आपल्याकडचंच, नुसते कोट घातलेले.

मग परीक्षा झाली. शंभरपैकी शंभर! दुसरी पास बाईला शंभर! प्रमाणपत्र आलं. त्यावर नाव प्रज्ञाचं आहे, पण मला माहीत आहे ना. सून सविता म्हणाली, आई, आता तुमचा फोटो फ्रेम करून लावू का? तिच्या बोलण्यात कौतुक होतं, नीट ऐकलं तर.

जॉनचं पुढे काय झालं ते दाखवलंच नाही. चुकल्यासारखं वाटतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

प्रज्ञा जेवली नाही. खोदून विचारलं तेव्हा बोलली. तिकडची एक ऐंशी वर्षांची बाई आहे, एकटी राहते. गुडघा बदलायचा आहे. डॉक्टरने लिहून दिलंय, पण एका कागदावर तारीख राहिली. प्रज्ञाला ‘नाही’ लिहावं लागलं. बाईचं नाव सांगितलं नाही, नियम आहे म्हणे. पुण्याच्या मिसबाह मॅडम, म्हणजे तिच्या वरच्या, त्यांना तिने विचारलं होतं, दवाखान्याला फोन करून तारीख मागवू का? मॅडम म्हणाल्या, ते आपलं काम नाही, दिवसाच्या फाइली पूर्ण कर.

मी म्हटलं, मग मारिया असती तर? प्रज्ञा म्हणाली, आजी, मारियाला नोकरीची गरज नाही, ती कार्टून आहे.

माझे गुडघे दिवसभर दुखले. त्या बाईचा विचार केला म्हणूनच.

संकल्प: वरच्यांना सांगायचं.

बुधवार, १० डिसेंबर. दुपारी ३

सांगितलं!

धड्यांच्या शेवटच्या पानावर तक्रारीचा फुकट नंबर होता, मी डायरीत उतरवून ठेवला होता. पोरगी झोपलेली. गच्चीवर जाऊन लावला. हिंदीसाठी दोन दाबलं. पलीकडची मुलगी फार गोड होती. म्हणाली, नाव सांगितलं नाही तरी चालेल. मी म्हटलं, नाव न सांगायला आम्ही काय चोर आहोत? द्रौपदाबाई, देवपूर, धुळे, पाण्याच्या टाकीसमोर, पिवळं गेट.

आधी गुडघेवालीचं सांगितलं. ती लिहून घेत होती, टकटक ऐकू यायचं. मग तिने विचारलं, तुम्हाला कंपनीचे नियम इतके कसे माहीत? आता खोटं कसं बोलणार? म्हटलं, बाराही धडे मीच केलेत, प्रज्ञाला वेळ कुठे असतो! शंभर मार्क माझे. मुलीची टकटक एकदम थांबली. भारावली असणार. तेवढ्यात रत्नासाठीही शब्द टाकला. म्हटलं, मुलगी चांगली आहे, घर प्रामाणिक आहे, वांगीसुद्धा पंचवीस डॉलरच्या आतली पाठवतात.

तिने केळ्यांचंही लिहून घेतलं. इतकी बारीक चौकशी सरकारी ऑफिसात कोणी करत नाही.

प्रज्ञाला अजून सांगितलं नाही. बढतीची बातमी आली की एकदमच सांगेन.

सोमवार, १५ डिसेंबर

बातमी आली. बढतीची नाही.

कंपनीची चिठ्ठी आहे. नीतीचे धडे दुसऱ्याकडून करून घेतले, भेटवस्तू स्वीकारल्या, ओळखीच्या मुलीसाठी नोकरी मागितली. तीन कलमं. उद्या चौकशी, नोकरी राहील की नाही ते नंतर. कलमं आपली तीन, आणि गुडघ्याचं एकही नाही! मी चिठ्ठी दोनदा वाचून घेतली सवितेकडून.

प्रज्ञा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, आजी, घरावरचं कर्ज माझ्या पगारावर आहे.

मी म्हटलं, खरं बोलले. ती म्हणाली, हो, तू एकटीच बोललीस.

मंगळवार, १६ डिसेंबर. संध्याकाळी ७

थोडक्यात लिहिते.

मला स्वयंपाकघरात बसवलं. उरलेल्या दोन वांग्यांचं भरीत करायला घेतलं, हाताला काम हवं म्हणून. दार लोटलेलं होतं, पण ऐकू येत होतं. कॉम्प्युटरमधून येणारा मिसबाह मॅडमचा आवाज दमलेला. पोरगीच म्हणायची, प्रज्ञाहून चार वर्षांनी मोठी. त्यांनी हिंदीत विचारलं, घरात अशी कोणी आजी नाही ना? नाही ना, असं दोनदा म्हणाल्या. मला तेव्हा कळलं की त्यांना उत्तर आधीच हवं होतं. सगळ्या कामगारांनी धडे पूर्ण केले असं कंपनीने जगाला सांगूनही टाकलंय, हेही त्यांच्याच तोंडून निघालं.

प्रज्ञाने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, मॅडम, माझी आजी वारली.

त्याच वेळी तव्यावर मिरच्या तडतडल्या. मी पदर तोंडात कोंबला, तरी ठसका निघाला. दोन ठसके. मॅडमनी विचारलं, कोण आहे? प्रज्ञा म्हणाली, कामवाल्या मावशी.

म्हणजे मी एका खोलीत मेले आणि दुसऱ्या खोलीत भांडी घासत होते.

मॅडम म्हणाल्या, फार वाईट झालं, तीन दिवस सुट्टी घे.

नंतर पोरगी आत आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून सॉरी सॉरी करत बसली. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला सॉरी कशाला, भरीत खा. खाल्लं. दोन भाकरी खाल्ल्या. आठ दिवसांत पहिल्यांदा.

मला राग नाही. बोलणं हिंदीत झालं, आपलं पंचशील पालीत आहे. हिंदीत मेलं तर चालत असावं.

शुक्रवार, १९ डिसेंबर. सकाळी

प्रज्ञा सुट्टीवर आहे, म्हणजे माझ्या सुतकाची सुट्टी. तीन दिवस नीट झोपली. चौकशी बंद झाली. तक्रार करणारी बाई अस्तित्वात नाही असा निकाल लागला.

आज दारात एक माणूस हा एवढा मोठा फुलांचा गुच्छ घेऊन आला. कंपनीकडून, अमेरिकेच्या साहेबांच्या सांगण्यावरून. सवितेने चिठ्ठी वाचली: तुमच्या प्रेमळ आजींच्या आठवणीत. तो माणूस सही मागत होता. नाव, आणि घेणाऱ्याचं नातं. मी लिहिलं, द्रौपदाबाई, स्वतः.

फुलं हारात ओवता येतील अशी नाहीत, लांब दांड्यांची आहेत. पंचवीस डॉलरच्या आत बसतात का, असं विचारलं, तर सविता म्हणाली, आई, आता पुरे.

गुडघेवालीचं काय झालं, तेही विचारलं. प्रज्ञा म्हणाली, तिची फाइल बंद आहे. मी नाही तर मला फुलं, आणि ती आहे तर तिला एक तारीख मिळेना. प्रज्ञा थोडा वेळ फुलांकडे बघत बसली. मग म्हणाली, सोमवारी मीच फोन करते त्या दवाखान्याला, मॅडमना न विचारता. मी तिला बाकी काही सांगितलं नाही. मला आता सांगण्याची भीती वाटते.

दुपारी

कुंदाबाईने गेटातूनच गुच्छ बघितला. रत्नाच्या नोकरीचा कागद आला असं वाटून आनंदाने धावत आली, रत्नानी ऑर्डर उनी का? मी म्हटलं, कुंदा, शब्द टाकला होता. पण शब्द टाकणारी बाई वारली, कंपनीच्या कागदावर तसंच आहे.

तिने मला वरून खाली बघितलं. मग विचारलं, मंग मन्हा वांगा कोनी खादात?

मला ठसका लागला.