देवीच्या नावाचं कुलूप

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा तेच! कुरिअरवाला दारात येऊन विचारतो, वैष्णवी मॅडम आहेत का? मॅडम! मी उखळापाशी, मनगटापर्यंत शेंगाचटणीनं माखलेली, आणि मॅडम खिडकीत डबीचा फोटो काढतायत. माझी धाकटी जाऊ. लग्नाला वर्ष झालं नाही तोवर चटणीची वेबसाइट काढली. पण चटणी माझी! लसूण किती, तिखट किती, तेल सुटेपर्यंत कसं कांडायचं हे सासूबाईंनी मला शिकवलं, तिला नाही. आणि लोक तिथं लिहितात — वैष्णवीताई, तुमच्या हाताला काय चव आहे!

तिच्या हाताला मोबाईल आहे.

६ नोव्हेंबर

जळते मी तिच्यावर. लिहून टाकलं एकदाचं.

७ नोव्हेंबर

ह्यांना सांगून पाहिलं. चिंचोळीच्या कारखान्यातून ड्यूटी करून दमून आलेले. म्हणाले, घरचंच काम आहे, नाव कुणाचं का असेना. बरोबर! ह्यांच्या हातांना कुठं फोड आलेत.

९ नोव्हेंबर, रविवार

वेबसाइट बनवून देणाऱ्या संगमेशनं सुरुवातीला चांगला लांबलचक पासवर्ड दिला होता. वैष्णवी तो मोठ्यानं वाचत होती तर सासूबाई मध्येच म्हणाल्या, "हे काय येडंवाकडं? नवं काम हाय, देवीचं नाव घाल की. कुलपाला बी तीच राखती." आमच्या घरात असंच. वायफाय, ह्यांचा मोबाईल, दिराची गाडी — सगळं मायाक्काच्या नावानं. नवी सून, ती काय बोलणार? बदलला.

आज ती माहेरी अक्कलकोटला गेली. दुपारी घरात सामसूम. माझ्या मोबाईलवर दुकानाचं आतलं पान उघडलं, ती रोज उघडते ते. मायाक्का, पुढं वायफायसारखंच एक दोन तीन.

उघडलं की! पहिल्या झटक्यात.

११ नोव्हेंबर

आता रोज बघते. नुसतं बघते, कशाला हात लावत नाही. केवढ्या ऑर्डरी! नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं माझ्यासमोर. कोल्हापूरच्या एका बाईनं लिहिलंय — लेकीला पाठवा, पण पुड्यावर माझं नाव नको, तिच्या सासरी माहेरचं काही आलेलं चालत नाही.

हे मी वाचायला नको होतं. ती बाई वैष्णवीशी बोलत होती. दिवसभर मनातून जाईना. तरी संध्याकाळी परत उघडलं.

१४ नोव्हेंबर

आज पाहुण्या आल्या. सासूबाईंनी सगळ्यांना वैष्णवीचं दुकान मोबाईलवर दाखवलं. आमची धाकटी लई हुशार. चहा मी केला. चटणीची चव घेऊन पाहुण्या म्हणाल्या, वैष्णवी, छान जमलीय हो! ती काहीतरी बोलायला गेली, पण सासूबाईंचं कौतुक संपेचना. मी कपबशा उचलल्या.

स्वयंपाकघरात जाऊन ते पान उघडलं. शेंगाचटणीपुढं एक बटण आहे. दाबलं. माल संपला!

काय बरं वाटलं म्हणून सांगू.

१७ नोव्हेंबर

तीन दिवसांत एक ऑर्डर नाही. नाशिकच्या लग्नघराची मोठी ऑर्डर येणार होती, त्यांनी दुसरीकडून घेतली. वैष्णवी नुसत्या ऑर्डरीच बघते, बटण तिला आजच दिसलं. बटण परत फिरवलं तिनं, पण जेवली नाही. म्हणते, कुणीतरी आत शिरलंय, लोकांचे पत्ते गेले असतील तर मी काय तोंड दाखवू? सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठमिरच्या उतरवायला मलाच सांगितलं! उतरवल्या.

१८ नोव्हेंबर

संगमेश आला. पासवर्ड ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाला, देवीचं नाव गल्लीतलं पोरगंसुद्धा सांगेल, यापुढं साधा पासवर्ड नको आणि दर वेळी मोबाईलवर कोड येऊ दे. आतापर्यंत कोणकोणत्या मोबाईलवरून कुणी उघडलं तेही दिसतं म्हणाला.

हे मला माहीतच नव्हतं!

त्यानं वाचलं — दोन मोबाईल. एक वैष्णवीचा. दुसऱ्याची कंपनी, मॉडेल, सगळं मोठ्यानं. तोच मोबाईल माझ्या हातात होता. दिवाळीला तिनंच निवडून दिलेला. मी पदराखाली घेतला. तिनं पाहिलं. पदराकडं, मग माझ्याकडं.

"तो माझाच जुना," ती संगमेशला म्हणाली. "माझ्याकडूनच चुकून दाबलं गेलं असंल."

ती खोटं बोलली. माझ्यासाठी. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ नोव्हेंबर

ती डब्या भरत होती, मी उखळापाशी. चटणी जरा जास्तच कांडली गेली.

२१ नोव्हेंबर

सकाळी भाकरी थापत होते, मोबाईल वाजला. सहा आकडे. दुकान उघडायचा कोड! चुकून आला वाटलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून वैष्णवीची हाक —

"अक्का, कोड किती आलाय बघा की. तुमचाच नंबर दिलाय मी. तुमी सांगितल्याबिगर आता दुकान उघडत न्हाय."

संगमेश बजावून गेलाय, कोड कुणालाही सांगायचा नाही. पिठाच्या हातानं मोबाईल उचलला आणि एकेक आकडा मोठ्यानं सांगितला.