अर्धी दाढी

धावडा, रविवार, १२ जानेवारी २०२५, सकाळी सव्वानऊ. आप्पांना पेज भरवून बसलो आहे.

कचरू काका,
भारतचा नमस्कार.

मघाशी फोन लावला होता. तुमचा आवाज ऐकला आणि घाबरून ठेवून दिला.

आरक्षणावरून गावात दोन तट पडले, आमच्या लोकांनी तुमच्या दुकानात येणं सोडलं आणि तुम्ही खुर्ची उचलून जालन्याला मस्तगडात गेलात. आप्पा मात्र दर रविवारी एसटीनं दाढीला तिथंच येत राहिले. मी चिडलो की म्हणायचे, "त्याचं पटत न्हाई म्हणून तर जातो. आपल्यासारखं बोलणारा घरी बसलाय की!" आणि तुम्ही म्हणे त्यांना म्हणायचात, "पाटील, वस्तरा माझ्या हातात हाय, आज तरी ऐकून घ्या."

लकव्यानं आता त्यांची वाचा गेली आहे. दाढीला कुणी हात लावला की तोंड फिरवतात. आज साबण लावून मी आरक्षणावर तुमच्या बाजूनं बोलू लागलो. आप्पांनी लगेच गाल पुढे केला. दोन वाक्यं झाली आणि मला पुढे काही येईना. तुमचं मी कधी ऐकलंच नव्हतं. ते वाट बघत राहिले, मग डोळे भरले आणि तोंड फिरलं. डावा गाल तसाच राहिला आहे.

पत्र पोचेपर्यंत आप्पा असतील की नाही, सांगता येत नाही. म्हणून हे खिशात ठेवून दुपारच्या गाडीनं मीच निघतो. तुम्ही यावं. येणं जमलं नाही, तर तिसरं वाक्य तरी सांगा. मी पाठ करून आणीन.

तुमचा,
भारत