ढग पटला, नात पटेना

४ मार्च

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? आत्या लिहिते की तुम्ही तिच्या पडद्यांच्या शिवणी तपासत बसता आणि वाकडी टीप कुठे आहे ते आल्यागेल्यालाही दाखवता. म्हणजे ऑपरेशन चांगलंच मानवलेलं दिसतंय.

सोबत माझी नवी गोष्ट पाठवते आहे. एका शिंप्याकडे ढग जाकीट शिवायला येतो, पण मापाला काही केल्या एका जागी उभा राहत नाही. शेवटी शिंपी थकतो आणि त्याची नात त्याचं पायाचं मशीन एका शिवणवर्गाला देऊन टाकते. मासिकाकडे धाडण्याआधी तुमच्या नजरेखालून जाऊ दे. उसवायचं तिथे खुशाल उसवा.

लोभ आहेच, तो गोष्ट वाचून झाल्यावरही असावा.

तुमची
टकळी

९ मार्च

चि. टकळी हिस,
अनेक आशीर्वाद.

गोष्ट वाचली. ढग पटला. मात्र पाणी भरलं की तो फुगणार, तेव्हा शिवणीत चार बोटं माया ठेवायला हवी होती. शिंप्याच्या नातीला एवढं कळू नये?

पण एका वाक्यापाशी घास अडकला. ‘नातीने आजोबांना न विचारता मशीन देऊन टाकलं आणि ते योग्यच केलं.’ अर्धं वाक्य गिळलं, उरलेलं काही घशाखाली उतरेना. अगं, तू सूर्य उत्तरेला उगवायला लावलास तर मी तिकडे तोंड करून बसेन. गोष्ट तुझी, सत्ता तुझी. पण वाईटाला चांगलं म्हण असा हुकूम काढलास की मी वाचक म्हणून संपावर जातो. आत्या म्हणाली, गोष्टच ती, सोडून द्या. मी म्हटलं, गोष्ट आहे म्हणूनच ढगाला सोडलं.

लोभ कमी करत नाही, पण वाक्य बदल.

तुझे
आजोबा

१४ मार्च

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

वाक्य तेच ठेवलंय, पण त्याच्या आधी बरीच डागडुजी केली आहे. आता मशीन स्वतःच बोलतं. ते म्हणतं की मला इथे कंटाळा आला, तिकडे नऊ मुली आहेत, मला जाऊ द्या. शिवाय डॉक्टरांनीही आजोबांना पायडल मारायची बंदी केली आहे. आता तरी नात बरोबर वाटते का?

जरा मोठ्या मनाने वाचा आणि लोभ वाढवा.

तुमची
टकळी

१९ मार्च

चि. टकळी हिस,
अनेक आशीर्वाद.

मशीन बोललं, हेही पटलं. माझं तर चाळीस वर्षं बोलतंय. पण कंटाळ्याची तक्रार त्याने कधी माझ्याकडे केली नाही.

एक कळेना. तुझ्या गोष्टीत ढग बोलतो, मशीन बोलतं, मग आजोबांना विचारायच्या वेळीच सगळ्यांची दातखीळ का बसली? आणि हे डॉक्टर पहिल्या खेपेला नव्हते, आता आले. कापड कमी पडलं की ठिगळ येतं, हे मी तुला पाचव्या वर्षी शिकवलं होतं.

टकळे, माझं मशीन कुठे आहे?

आजोबा

२३ मार्च

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

मशीन शिवणवर्गात आहे. तुम्ही आत्याकडे गेलात त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी ते दिलं. विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात. डॉक्टर पायडल नको म्हणाले हे खरं आहे, पण ते मला नंतर कळलं. खरं कारण म्हणजे मला लिहायला खिडकीपाशी टेबल हवं होतं. ही गोष्ट मी त्याच टेबलावर लिहिली. वाटलं, तुम्ही गोष्टीतल्या नातीला बरोबर म्हणालात की मग माझंही सांगून टाकीन.

काल वर्गात जाऊन आले. बाई म्हणाल्या, हवं तर परत न्या. एक मुलगी तुमच्या मशीनवर बाही जोडत होती. मी मशीन न मागताच परत फिरले. आजोबा, मी चुकले. मला तुमची भीती नाही वाटत, लाज वाटते. गोष्ट मासिकाकडे पाठवलेली नाही.

लोभ मागायला तोंड नाही.

टकळी

२७ मार्च

चि. टकळी हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र एका वाचनात पटलं. कुठे सुईसुद्धा लावावीशी वाटली नाही. राग आला आहे, चांगला सणकून आला आहे. आत्याने दोन दिवस पडदे माझ्यापासून लांब ठेवलेत.

मंगळवारी घरी येतो. आलो की आधी आपण दोघं शिवणवर्गात जाऊ. त्या मुलीची बाही कशी बसली ते मला बघायचं आहे. मशीन आणायचं की तिथेच राहू द्यायचं, ते मी तिथे ठरवीन आणि मीच सांगेन. तोवर तुझं टेबल जागचं हलवू नकोस. माझ्या घरात न विचारता सामान हलवणं आता बंद.

काल तुझ्या गोष्टीला शेवट म्हणून एक वाक्य लिहून पाहिलं, ‘आजोबांनी नातीला माफ केलं.’ चार वेळा वाचलं. मलाच पटेना, म्हणून खोडलं. पुन्हा लिहून पाहतो आहे.

तुझे
आजोबा