कोठीतला शंख

उंद्री,
चैत्र वद्य दशमी

तीर्थरूप अनंतमामांना आल्हादचा साष्टांग नमस्कार. (खरोखर जमिनीला नाक लावून घातला आहे. फोनवर दोन जोडलेले हात पाठवायचो, तसला हा नाही.) तुमचे गुडघे कसे आहेत? सुवर्णामामीचा खोकला गेला का? मलकापुरात ऊन कसं आहे ते विचारत नाही, कारण इकडे उंद्रीत सकाळी नऊलाच कुत्री हापशीखालच्या चिखलात जागा धरायला भांडतात, तर तिकडे काय असेल ते समजलं. आई-बाबा ठीक आहेत. मीही ठीक आहे, पण तेवढंच लिहून माझं भागणार नाही, म्हणून हे पत्र.

मामा, हिमानीताईच्या लग्नात भर पंगतीत, मठ्ठा वाढणाऱ्याला थांबवून तुम्ही म्हणाला होतात की हा पोरगा पाच मिनिटं ध्यान देऊन एका जागी बसला, तर मी मिशा उतरवीन. सगळी पंगत हसली. मीही हसलो, पण तुमच्या बोलण्यावर नाही. मांडीवरच्या फोनमध्ये एक माणूस म्हशीला गॉगल घालत होता, त्यावर. आता ऐका. वस्तऱ्याला धार लावून ठेवा. हे पत्र मी एका बैठकीत लिहितोय, मध्ये फक्त एकदा पाणी प्यायला उठलो. तुम्ही मराठीचे मास्तर, म्हणून होईल तेवढं शुद्ध लिहितो. पण गुलाम रसूलचाचांचं बोलणं आलं की वऱ्हाडी येणारच, तिथं लाल पेन आवरा.

माझी जुनी कीर्ती तुम्हाला ठाऊकच आहे. बी.एस्सी. होऊन दोन वर्षं झाली, आणि ती दोन वर्षं मी ‘भरतीचा अभ्यास’ या नावाखाली कूलरसमोर पालथा पडून अंगठा वर सरकवण्यात घालवली. पहाटे पाचचा गजर लावायचो, शंख आणि मग घंटा, असा भारदस्त आवाजाचा, आणि डोळे न उघडता बंद करायचो. (दोन वर्षांत तो शंख एकदाही पूर्ण वाजला नव्हता.) शेवटी तुम्हीच तुमच्या शाळेच्या बाकावरच्या दोस्ताकडे, म्हणजे चाचांकडे शब्द टाकलात आणि मी त्यांच्या मोटर भरायच्या दुकानात लागलो. तिथं पहिल्याच महिन्यात मी तुमच्या शब्दाचं काय केलं, तेही कानावर आलं असेल. मोटर भरायची म्हणजे आतली जळकी तार काढायची आणि नवी तांब्याची तार साच्यावर गुंडाळायची. एका गुंडाळीला बरोबर बेचाळीस फेरे, ना एक कमी ना एक जास्त. आणि मोजायचे तोंडानं, कारण चाचांचा आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर काडीचा विश्वास नाही. पुंजाजींच्या मोटरला मी मोजत मोजत निघालो आणि खिशात फोन थरथरला. कोणीतरी कलिंगडाचं सिंहासन कोरत होतं, ते पाहून घेतलं. परत आलो तर एकोणतीस झाले होते की एकोणचाळीस, हेच आठवेना. मग भांडण नको म्हणून मधला चौतीस धरून पुढं गेलो. मोटर विहिरीत सोडल्यावर दहा मिनिटांत जळाली.

चाचा रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी मोटर स्वतः परत भरून दिली, हात पुसले आणि म्हणाले, “आता अनंताले काय सांगू बे मी? पंधरा दिवस नुसती जयकी तार काढ. मंग एक मोटर तुह्या हातात देईन. ते चालली तं रोज ये. नाई चालली तं मोबाईल घेऊन घरीच बस.” मामा, त्यांनी तुमचं नाव घेतलं हो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोनचा त्याग केला. कपाटात ठेवला नाही. कपाट उघडता येतं. आमच्या पत्र्याच्या कोठीत गेला तो, चार क्विंटल नव्या गव्हाच्या पोटात. त्याच दुपारी बाबांनी आत किड्याची गोळी टाकून झाकणाच्या कडा मातीनं लिंपल्या. आणि आमच्या घरची रीत तुम्ही जाणता: लिंपलेली कोठी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी पूजा करूनच उघडायची, तोवर तिला बोट लावणारा या घरात जन्मला नाही. म्हणजे महिन्याच्या वर! मोठमोठ्या लोकांनी राजवाडे सोडले असतील, पण चार्जिंग ब्याण्णव टक्के असताना फोन सोडणारा कोणी असेल तर दाखवा.

एक बारीकशी गोष्ट मात्र राहून गेली. गजर. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कोठीतून शंख वाजला. चार क्विंटल गव्हातून गाळून आलेला आवाज, अगदी पाताळातून यावा तसा. आई ताडकन उठून बसली. बाबांनी पडल्या पडल्याच हात जोडले. शेजारच्या अन्नपूर्णाबाई (आमच्याकडे चमचा पडला तरी त्यांना कुठला ते कळतं) धावत आल्या, कोठीला कान लावला, आणि आतून घंटा ऐकल्यावर त्यांनी तिथंच लोटांगण घातलं. सहा वाजेपर्यंत कोठीला हळदीकुंकू लागलं होतं. दुसऱ्या पहाटे अकरा बायका नारळ घेऊन हजर, आणि तिसऱ्या पहाटे शेजारच्या गावाहून ट्रॅक्टर भरून मंडळी! चौथ्या दिवशी बॅटरी संपली आणि देवानं मौन धरलं. अन्नपूर्णाबाईंच्या मते कोणीतरी चपला घालून आत आलं म्हणून. मीही मौनच धरलं. (त्याग गाजवू नये.) पण मामा, हाताच्या अंतरावर नसलेला गजर बंद करता येत नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा मी पाचला उठलो, तीन दिवस ओळीनं उठलो, आणि चौथ्या दिवशी शंख वाजला नाही तरी डोळे उघडले. ते अजून पाचलाच उघडतात.

पहिला आठवडा कसा काढला ते विचारू नका. हात आपोआप खिशात जायचा आणि रिकामा परत यायचा. जेवताना अंगठा भाकरीवरच वर सरकायला लागला, तेव्हा आईनं माझी दृष्ट काढली. दिवस संपता संपेना. मला कळलं की आपल्या गल्लीत एक कडुनिंब आहे. तो म्हणे चाळीस वर्षांपासून आहे. त्यात आईचं वाळवण सुरू झालं. दरवर्षी कुरडयांची राखण माझ्याकडे असते आणि दरवर्षी कावळे पोटभर खाऊन जातात. यंदा मी गच्चीवर छत्री धरून बसलो आणि मोजू लागलो. बेचाळीस झाल्या की थांबायचं, पुन्हा एकपासून. कावळा आला, हाकला, तरी आकडा सोडायचा नाही. खालून आईनं हाक मारली, ओ दिली, तरी सोडायचा नाही. चार दिवसांत गच्चीवरची एकही कुरडई गेली नाही. आईनं खूश होऊन पापडांचंही काम लावलं.

आणि मागच्या आठवड्यात किसनरावांची मोटर आली. त्यांच्या शेडनेटमध्ये बियाण्याची मिरची, ऐन फुलावर, आणि हे ऊन! दोन दिवस पाणी नाही म्हणजे सगळं फूल खाली. चाचांनी मोटर माझ्यासमोर ठेवली आणि दुकानाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसले. किसनराव मात्र माझ्या नाकासमोर उकिडवे बसले, आणि मामा, तो माणूस म्हणजे चालता-बोलता फोन आहे. मिरची, जावई, एसटी, सरपंच, परत मिरची. चहा घेतो काय, म्हणाले, तर मी “सदतीस” म्हणालो. घरी कोण कोण असते, तर “एकेचाळीस”. (ते हळहळले.) मी मोजत राहिलो. दीड दिवस मोजत राहिलो. संध्याकाळी मोटर विहिरीत सोडली, बटण दाबलं. चाचा पाइपाला कान लावून उभे राहिले, दहा मिनिटं, वीस मिनिटं. तोवर पलीकडे शेडनेटमधून किसनराव ओरडले, “पानी आलं रे पोट्टेहो!” आणि चाचा माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाले, “हाव. बोलून राह्यली.”

मामा, मी विहिरीच्या काठावर नाचलो! चिखलात नाचलो, किसनरावही नाचले. दुकानाची एक रीत आहे: मोटर ज्यानं भरली, त्यानं आतल्या झाकणावर खिळ्यानं आपलं नाव कोरायचं, म्हणजे जळाली तर शिव्या कोणाला द्यायच्या ते कळतं. आजवर प्रत्येक झाकणावर गुलाम रसूल असायचं. या मोटरचं झाकण बसवायच्या आधी चाचांनी खिळा माझ्या हातात दिला होता. आज आठ दिवस झाले, मोटर चालू आहे आणि माझं नाव साठ फूट खोल पाण्यात आहे. तुमचा शब्द राहिला, मामा.

मामीला नमस्कार. मी आता सुधारलेला माणूस आहे, याची शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही नोंद घ्यावी.

तुमचा भाचा,
आल्हाद

ता. क. त्यागाबद्दल थोडं. गहू ओतताना मी व्हिडिओ काढत होतो, फोन हातातून सटकला आणि वरून अर्धं पोतं पडलं. बाबांच्या भीतीनं तोंड उघडलं नाही. घरी सांगितलंय की फोन चिखलीला दुरुस्तीला आहे.

ता. ता. क. आखाजीला तुम्हाला यावंच लागेल. आई आमरसाचं बोलावणं पाठवेलच, पण माझं काम वेगळं आहे. अन्नपूर्णाबाई पंचवीस बायका घेऊन कोठीच्या दर्शनाला येणार आहेत. तेव्हा ‘पहिलं माप मामाच्या हातानं’ असा हट्ट धरा, बाबा तुम्हाला नाही म्हणणार नाहीत. हात खोल घाला, जे लागेल ते गुपचूप धोतरात खोचा आणि मलकापूरला घेऊन जा. एक वर्ष देऊ नका. मी मागेन. मामीच्या पाया पडेन, रडेन, भरतीचा फॉर्म भरायचाय असं सांगेन. मी मला ओळखतो, मामा. देऊ नका.

ता. ता. ता. क. पाकीट फुगलंय ते पेढ्यांमुळं नाही, मामीला आधीच सांगा. आत चार्जर आहे. तोही तिकडेच राहू द्या, आणि त्या बदल्यात तुमच्या मिशा मी माफ केल्या.